कोरड्या कोपऱ्याचा परवाना

आमच्या हॉटेलात बीअर एका टेबलापाशी येऊन संपते. खिडकीजवळचं, कोपऱ्यातलं टेबल. त्याच्या अलीकडे फरशीवर एक काळी पट्टी बसवली आहे, जेमतेम दोन बोटं रुंदीची. पट्टीच्या अलीकडे बसलात तर ठरलेल्या वेळात थंडगार बीअर मिळेल, वाइन मिळेल. पलीकडे बसलात तर सोलकढी, कोकम सरबत, नाहीतर ताक. गिऱ्हाइकं हुज्जत घालतात. "मैडम, दो फुट का ही तो फ़र्क़ है." मी सांगते, "दो फुट पर हमारा लाइसेंस ख़त्म होता है, जी." ते हसतात. त्यांना वाटतं, मी गंमत करते आहे. मी काही गंमत करणारी बाई नाही. चिडकी आहे, हे घरचं कुणीही सांगेल. पण त्या पट्टीकडे बघताना माझं चिडणं कुठल्या कुठे जातं आणि नुसतं नवल वाटत राहतं. कागदावर कुणीतरी फूटपट्टी धरून ओढलेली रेघ ती. तिने काय काय तोलून धरलंय, ते मला आता कुठे कळायला लागलं आहे.

हॉटेल म्हणजे खरं तर रेस्टॉरंट. पण मी पुण्याची, आणि पुण्यात जिथे जाऊन खातात ते हॉटेल. गुरुग्रामला येऊन इतकी वर्षं झाली तरी तोंडातला शब्द जात नाही. सुरुवातीला सोसायटीत सांगितलं की मी हॉटेल काढतेय, तर शेजारीण म्हणाली, "वाह जी, कितने कमरे?" आम्ही दोघंही इथे नोकरीसाठी आलेलो. मी एका कंपनीत माणसं भरती करायचे, नवरा सॉफ्टवेअरमधला. मला त्या नोकरीचा इतका वीट आला की एके दिवशी राजीनामा दिला आणि सेक्टरातल्या मार्केटात एक गाळा भाड्याने घेतला. आईकडून हातात आलेलं मालवणी जेवण तेवढं मला खात्रीने येत होतं. दिल्लीच्या बाजारातून सुरमई यायची, पापलेट यायचं, मसाला पुण्याहून. जेवण उत्तम होतं. हे मी उगाच फुशारकी म्हणून सांगत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगतेय.

कारण जेवण उत्तम असूनही लोक उठून जायचे. चारपाच जणांचा ग्रुप यायचा, ऑफिसची कार्डं गळ्यात, मेन्यू बघून खूश व्हायचा. सुरमई फ्राय, तिसऱ्या, कोंबडी वडे. मग त्यांच्यातला कुणीतरी मान वर करून विचारायचा, "बीयर कौन सी है?" मी म्हणायचे, "बीयर नहीं है, सोलकढी है." एकमेकांकडे बघणं, मोबाइल उचलणं, "सॉरी मैडम, नेक्स्ट टाइम." समोरच्या इमारतीत तीन ठिकाणी बीअर मिळायची. तळलेल्या माशाचा वास नाकात घेऊन ही माणसं तिकडे जाऊन पनीर टिक्का खायची. माझा जळफळाट व्हायचा. गुरुग्रामात संध्याकाळी बाहेर जेवायला जाणं म्हणजे काय, हे मला गाळा घेताना कळलं नव्हतं. भाडं डोक्यावर बसलं होतं आणि टेबलं रिकामी.

लायसन्स काढ, असं सगळ्यांनी सांगितलं. न काढण्याचं खरं कारण मात्र मी कुणाला सांगू शकत नव्हते.

माझा नवरा प्यायचा. ऑफिसच्या पार्ट्यांत सुरू झालं, मग पार्टी नसली तरी, मग घरी, मग सकाळी. तपशील कुणाकडेही सारखेच असतात, म्हणून सांगत बसत नाही. एका सकाळी त्याला बुटाची नाडी बांधता येईना. हात थरथरत होते आणि त्या दिवशी ऑफिसात कुणासमोर तरी उभं राहून बोलायचं होतं. तो चपलांच्या कपाटावर बसला तो बसलाच. मग म्हणाला, "आता बास." हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. पण त्या वेळी ते खरं निघालं. डॉक्टर झाले, औषधं झाली, आणि दर रविवारी सकाळी तो मेट्रोने दिल्लीत मुनिरक्याला जायला लागला. विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्यांच्या गल्लीत, एका जिन्यावरच्या खोलीत, त्याच्यासारखी माणसं जमून बसतात. तिथे त्याला पहिली गोष्ट काय सांगितली असेल, तर जिथे ओततात तिथे जाऊन बसू नकोस. ती नोकरी तोवर गेली होती. घरी बसून थोडीफार कामं घ्यायचा आणि उरलेला वेळ माझ्या हॉटेलात, हिशेब, फोनवरच्या ऑर्डरी, विजेचं बिल, गॅस.

आणि अशा माणसाच्या डोळ्यांसमोर मी बीअरचा फ्रिज आणून ठेवायचा?

विषय त्यानेच काढला. सकाळचा चहा चालला होता.

"आपण लायसन्स काढू," तो म्हणाला.

"वेडा आहेस का तू?"

"मग काय, हॉटेल बंद करायचं?"

"गेलं खड्ड्यात हॉटेल."

"यार, असं नको ना करूस." त्याने कप खाली ठेवला. "मी प्यायचो म्हणून तू मासे विकायचे नाहीस, हे मला नाही झेपणार. रोज सकाळी उठून ते बघायचं मी? त्यापेक्षा बीअर बघितलेली परवडली. फक्त बाटलीला मी हात लावणार नाही. माल मागवणं, मोजणं, फ्रिजची चावी, सगळं तू आणि मॅनेजर. बिल्कुल माझ्याकडे नको."

मी खूप भांडले. भांडण हरल्यावर मी त्याच्याकडे बघत बसले, एवढंच आठवतं. ज्या माणसाला नाडी बांधता येत नव्हती तो हा होता, हे मला एकाएकी पटेना.

अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा असतो, पण शंका कॉम्प्युटरला विचारता येत नाहीत, म्हणून आम्ही दोघं आबकारीच्या ऑफिसात गेलो. टेबलामागे एक जाडजूड इन्स्पेक्टर बसले होते, मिश्या छान राखलेल्या. आजूबाजूला बरीच माणसं. घरातून निघताना मी नवऱ्याला बजावलं होतं की मी बोलेन. पण तो पुढे झाला आणि त्याच्या सगळ्यात शुद्ध हिंदीत म्हणाला, "सर, हमें बीयर और वाइन का परवाना चाहिए."

इन्स्पेक्टरनी मान वर केली. मग मिश्यांतून हसू बाहेर आलं. "परवाना? परवाना तो जी शमा पे जल मरता है. आपको वो चाहिए कि लाइसेंस चाहिए?"

अख्खी खोली हसली. आपल्याकडे परवाना म्हणजे लायसन्स. ड्रायव्हिंगचा परवाना, बंदुकीचा परवाना, शाळेत असल्यापासून ऐकलेला रुक्ष सरकारी शब्द. जुन्या सरकारी कागदांत इकडेही तो सापडतो म्हणे, पण बोलताना इकडे परवाना म्हणजे पतंग, ज्योतीवर झेप घेऊन जळणारा. नवऱ्यालाही ते ठाऊक होतं, फक्त तोंडात मराठी आलं. तो सगळ्यांत जास्त हसला. "जी, लाइसेंस, लाइसेंस," म्हणत कान पकडले त्याने. मी मात्र हसू शकले नाही. माझ्या अंगावर काटा आला होता. त्या खोलीत कुणाला काही माहीत नव्हतं, आणि तरी त्या माणसाने बसल्या जागी नेमकं तेच बोलून दाखवलं होतं.

पुढे आमची फाइल हलली तशी या इन्स्पेक्टरांची गाठ वारंवार पडायला लागली. प्रत्येक वेळी ते मिश्यांत हसून विचारायचे, "और मैडम जी, आपका परवाना कहाँ तक पहुँचा?" शब्द त्यांना फारच आवडला होता.

मग ते जागा बघायला आले. दुकानं, हॉटेलं यांना बीअर विकायची परवानगी देताना सरकार काय काय बघतं, याची मला कल्पनाच नव्हती. शाळा किती लांब, देऊळ किती लांब. हे काही अंदाजाने नाही, इन्स्पेक्टरनी खरोखर फीत काढली. बरोबरच्या माणसाने एक टोक आमच्या दाराशी धरलं आणि हे स्वतः मार्केटच्या फुटपाथवर वाकून, गुडघे टेकून मोजत निघाले. वाटेत चाटवाल्याची गाडी आली, ती बाजूला घ्यायला लावली. सरकार गुडघ्यावर आलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मी तोंडाला पदर लावणार होते, पण मध्येच हसू थांबलं. हा माणूस किती मन लावून मोजत होता! कुठली तरी शाळा सुटेल, मुलं इथून जातील, त्यांच्या वाटेत हे यायला नको, असं केव्हातरी कुणाच्या तरी मनात आलं असेल. त्याचा नियम झाला, नियमाची फीत झाली, आणि आज ती फीत चाटवाल्याच्या पायांखालून चालली होती. मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

अंतर नियमात बसलं. मग ते आत आले आणि आमचा नकाशा उलगडून उभे राहिले. दारू कुठे विकणार, कुठे प्यायला देणार, ती जागा नकाशावर लाल रेघेने घेरून दाखवायची असते. त्या लाल घेराबाहेर थेंब द्यायचा नाही. इन्स्पेक्टर खिडकीच्या कोपऱ्यात गेले आणि बोट लावून म्हणाले, "नक्शे में यहाँ दीवार है. दीवार कहाँ गई?"

झालं होतं असं की नकाशा काढला तेव्हा त्या कोपऱ्यात भिंत घालून आम्ही कांदेबटाट्यांची खोली केली होती. नंतर मला वाटलं, खिडकीची एवढी सुंदर जागा कांद्यांना कशाला, म्हणून भिंत पाडली आणि टेबल टाकलं. अर्जाला नकाशा लागला जुनाच. ही चूक माझी, नवऱ्याची, की नकाशा काढणाऱ्याची, यावर आम्ही अजूनही भांडू शकतो.

"तोड़ दी," मी म्हटलं.

"नक्शे में तो खड़ी है. नक्शे में ये स्टोर है. और स्टोर में बैठा के बीयर नहीं पिलाई जा सकती."

"पण, मतलब, आप देख रहे हैं ना, स्टोर नहीं है! टेबल है!"

"मैडम जी, मेरे लिए जो नक्शे में है वो है, और जो नक्शे में नहीं है वो नहीं है."

मी तावातावाने बोलायला लागले. त्यांनी शांतपणे दोन रस्ते सांगितले. नवा नकाशा काढा, पुन्हा सगळीकडून मंजूर करून आणा, म्हणजे फाइल पहिल्यापासून सुरू. नाहीतर तो कोपरा सोडून द्या. तिथे टेबल ठेवा, जेवण द्या, पण दारू नाही. खाली पट्टी मारा, म्हणजे गिऱ्हाइकाला कळेल. आम्हाला थांबायला जमणार नव्हतं. मी चरफडत होते, माझं सगळ्यांत चांगलं टेबल हातचं गेलं म्हणून. नवरा मात्र त्या कोपऱ्यात उभा राहून फरशीकडे बघत होता. "चलो, ठीक है," तो म्हणाला. "एवढं कोरडं राहू दे."

लायसन्स आलं. आणि त्याबरोबर वेळ आली. म्हणजे घड्याळातली वेळ. ठरलेल्या वेळेच्या आधी बीअर नाही, ठरलेल्या वेळेनंतर नाही. फ्रिजला कुलूप. रोज ती वेळ झाली की मॅनेजर गळ्यातली चावी काढून कुलूप उघडायचा, आणि त्याचा खट्ट आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. वेगवेगळ्या राज्यांचे वेगवेगळे नियम, हे तर मला इथे येऊनच कळलं. दिल्लीत ड्राय डे असला की दिल्लीच्या नंबराच्या गाड्या आमच्या मार्केटात. आमच्या हरियाणात असला की इकडच्या गाड्या तिकडे. तीच बाटली, तीच माणसं, मध्ये एक टोलनाका, आणि त्याच्या अलीकडे जे चालतं ते पलीकडे गुन्हा. कुणी ही रेघ बघितली आहे का? कुणीच नाही. पण लाखो माणसं गाडीचं स्टिअरिंग तिच्या हिशोबाने वळवतात. मी आधी या सगळ्याला सरकारी कटकट म्हणायचे. कटकट ती आहेच. पण ती एवढ्या माणसांना हलवते, थांबवते, उठवते, बसवते, याने मी थक्क व्हायचे.

गर्दी झाली. टेबलं भरायला लागली, सुरमई कमी पडायला लागली. नवरा आपला कोपऱ्यातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसायचा. त्याला तिथे उजेड आवडतो, अशी माझी समजूत. कधी गर्दीत हाक मारली तर तो तिथूनच उत्तर द्यायचा. मी ओरडायचे, "एवढं उठून येता येत नाही का?" तो म्हणायचा, "तूच ये ना, प्लीज." आळशी झालाय, मी म्हणायचे.

मग दोन ऑक्टोबर आला. ड्राय डे. फ्रिजला दिवसभर कुलूप. आम्हाला वाटलं होतं, कुणी येणार नाही, पण सुट्टीची संध्याकाळ, घरोघरची माणसं मुलांना घेऊन जेवायला आली. आणि मी काय बघते, तर नवरा सगळ्या हॉटेलभर फिरतो आहे! हातात ताटं घेऊन चाललाय, कुणाला सोलकढीत काय काय घालतात ते समजावतोय, मधल्या मोठ्या टेबलाशी खुर्ची ओढून गप्पा मारत बसलाय. लग्नाच्या आधी होता तसा. आवाज मोठा, हात हलताहेत.

"आज काय अंगात आलंय?" मी जाता जाता विचारलं.

"सुट्टी आहे आज."

"सुट्टी सगळ्यांना आहे. तुला कसली?"

"पहाऱ्याची," तो म्हणाला आणि वड्यांची टोपली उचलून निघून गेला.

मला काही कळलं नाही. कळलं ते दुसऱ्या दिवशी. दुपारी आम्ही मधल्या टेबलाशी बसून भाजीवाल्याचं काय करायचं ते बोलत होतो. त्याचं वाक्य अर्धवट होतं. फ्रिजचं कुलूप खट्ट करून उघडलं. त्याने लॅपटॉप मिटला, उचलला, आणि बोलत बोलतच पट्टी ओलांडून कोपऱ्यात जाऊन बसला. उरलेलं वाक्य त्याने तिथून पुरं केलं. उंबरा ओलांडताना आपण पाय जरा उचलतो ना, तसा त्याने तो सपाट पट्टीवर उचलला होता.

त्यानंतर मी बघायला लागले. बघायचं ठरवलं नव्हतं, डोळेच तिकडे जायचे. कुलूप उघडायच्या आधी तो सगळीकडे असायचा. भिंतीवरचा पंखा पुसायचा, टेबलं सरकवायचा. कुलूप उघडलं की कोपऱ्यात. वेळ संपून बाटल्या आत गेल्या की पुन्हा बाहेर, खुर्च्या उलट्या करून ठेवायला. एकदाही चुकलं नाही. मला वाटलं होतं, त्याला आता काही वाटत नाही. स्वतःला मी तसंच बजावलंही होतं. आणि हा माझ्या डोळ्यांसमोर, रोज, त्या रेघेच्या पलीकडे पाय रोवून बसलेला.

थंडीतली एक संध्याकाळ. दिल्लीतल्या मयूर विहारहून एक मराठी कुटुंब आलं होतं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, आई, दोन मुली. मुलींचं मराठी निम्मं हिंदी होऊन गेलेलं. एक म्हणाली, "आई, वो विंडो वाली सीट घेऊ ना!" टेबल तेवढं एकच कोरडं, आणि त्यांना मुलींना घेऊन तिथेच बसायचं होतं. नवऱ्याने लगेच पसारा आवरला, "बसा, बसा, तुमच्यासाठीच आहे," म्हणाला. मी ऑर्डर घ्यायला गेले. परत येऊन बघते तर तो हॉटेलात नाही. दारातून बघितलं, तर बाहेर फुटपाथवर मार्केटच्या गार्डच्या शेजारी उभा. स्वेटर आत राहिलेला. धुकं उतरायला लागलं होतं आणि हा खिशात हात घालून पाय आपटत होता.

मी बाहेर गेले. "आत ये. गारठशील."

"होईल त्यांचं एवढ्यात."

"मधलं टेबल रिकामं आहे की."

"ते ओलं आहे," तो म्हणाला.

गार्ड जरा लांब सरकला. भला माणूस.

"अजून होतं तुला?" मी विचारलं. एवढं सरळ मी कधी विचारलं नव्हतं.

"रोज नाही गं. कितीतरी दिवस काहीच वाटत नाही. आणि मग एखाद्या दिवशी कुणाच्या तरी ग्लासाला बाहेरून पाणी सुटलेलं दिसतं, बस. मग डोकं वाद घालायला लागतं माझ्याशी. फार हुशार आहे माझं डोकं, तुला माहितीये. कुठलाही वाद जिंकतं." तो हसला. "पण त्या कोपऱ्यात वाद होत नाही. तिथे परवानगीच नाही. इन्स्पेक्टरने लिहून दिलंय. मी माझ्याशी भांडून जिंकत नाही, पण हरियाणा सरकारशी कोण भांडणार?"

मला रडू येत होतं आणि त्याच वेळी मला त्याचा इतका अभिमान वाटत होता की काय करावं सुचेना. आयुष्यभर मला वाटत आलं की निग्रह म्हणजे काहीतरी छातीत असतं, मोठं, तेजस्वी. आणि इथे तो होता तरी कुठे? माझ्या कांदेबटाट्यांच्या न उरलेल्या खोलीत, फरशीवरच्या एका रबरी पट्टीत. तेवढ्यावर हा माणूस रोज संध्याकाळी, हसत्या भरल्या हॉटेलात, उभा राहत होता. मी आत गेले, त्याचा स्वेटर आणला, माझी शाल आणली, आणि त्या कुटुंबाचं जेवण होईपर्यंत त्याच्याजवळ उभी राहिले. मॅनेजरने दोनदा दारातून हाक मारली. मी म्हटलं, "तुम देख लो."

दुसऱ्या दिवशी मी पट्टीच्या पलीकडे, भिंतीला लागून, एक जादा खुर्ची ठेवली. टेबलावर कुणी बसलं तरी ती खुर्ची रिकामी राहते. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.

लायसन्स वर्षाचं असतं. उन्हाळ्यात नूतनीकरणाची वेळ आली आणि इन्स्पेक्टर पुन्हा आले. दुपारची वेळ, हॉटेल रिकामं. आता त्यांची आमची चांगली ओळख झाली होती. आले की सोलकढी मागतात, तिला ते गुलाबी लस्सी म्हणतात, आणि मी दर वेळी सांगते की ती लस्सी नाही. ते कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले, समोर माझा नवरा, बाजूला मी. कागद चाळून झाले. मग त्यांनी पट्टीकडे बघितलं.

"मैडम जी, इस बार ये कोना भी जुड़वा लो. नया नक्शा लगा दो, मैं लिख दूँगा. बढ़िया जगह है, ख़ाली जा रही है."

मॅनेजर काउंटरवरून मान डोलवायला लागला. खिडकीच्या टेबलासाठी तो वर्षभर माझ्या मागे लागला होता. मी नवऱ्याकडे बघितलं. तो लॅपटॉपमध्ये बघत होता.

"घे जोडून," तो म्हणाला. अगदी सहज. त्या सकाळी चहाच्या वेळी म्हणाला होता तसंच. "बिझनेसचं टेबल आहे. मी बघेन माझं."

बघेलही, मला वाटलं. हा माणूस कुठेतरी दुसरी रेघ शोधेल, फुटपाथवर जाऊन उभा राहील, आणि मला कळूही देणार नाही.

"नहीं," मी इन्स्पेक्टरना म्हटलं. "ये कोना ऐसा ही रहेगा."

"क्यों जी? किसके लिए?"

"परवाने के लिए," मी म्हटलं.

ते गोंधळले. "वही तो बोल रहा हूँ, मैडम जी. परवाना तो पूरे हॉल का मिल जाएगा."

वर्षभर मला चिडवता चिडवता आमचा मराठी शब्द त्यांच्या तोंडात बसला होता. आणि मी त्यांचा पतंग उचलला होता. मी कुठल्या अर्थाने बोलले ते कळणारा त्या टेबलाशी एकच माणूस होता. त्याने लॅपटॉपमधून मान वर केली.

"जळला नाही अजून," तो हळूच मराठीत म्हणाला.

"दिसतंय मला," मी म्हटलं.

इन्स्पेक्टरनी खांदे उडवले, सोलकढी संपवली आणि कागदावर आमचा जुना नकाशा पुन्हा जोडला. लाल रेघ जिथे होती तिथेच. घड्याळात वेळ झाली होती, मॅनेजरने गळ्यातली चावी काढली, कुलूप खट्ट वाजलं. नवरा जागचा हलला नाही, कारण तो आधीच जिथे असायला हवा तिथे होता. त्या नकाशात ती भिंत अजून उभी आहे. आम्ही ती कधीच पाडली, पण तो रोज तिला टेकून बसतो.